साहेबांचा हिरवा ग्लास

मेथीच्या जुडीला ‘लॉट’ म्हणणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. ते माझे घरमालक होते. माझं भाजीचं दुकान त्यांच्या बंगल्याखालच्या गॅरेजात होतं, त्यामुळे त्यांना उलट बोलायची सोय नव्हती. तरी मी बोलायचेच.

नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात ते क्वालिटी विभागात होते. निवृत्त झाले, पण विभाग सुटला नाही. सगळी कॉलनी त्यांना साहेब म्हणायची. त्यांची बायको, आमच्या काकू, त्यासुद्धा साहेबच म्हणायच्या, फक्त त्यांच्या तोंडी तो शब्द आला की जवळपासची माणसं हसू दाबायची.

सकाळी मी शटर वर केलं की साहेब जिना उतरून हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. भाजी घ्यायला बूट घालून येणारा माणूसही मी एकच पाहिला. जुडी देठाकडून धरायची, एकदा झटकायची, नाकाशी न्यायची. मग तिची सुतळी सोडून माझ्याच टेबलावर पसरायची. पिवळं पान एका बाजूला, भोक पडलेलं दुसऱ्या बाजूला. एवढं झाल्यावर जुडी परत बांधायची, आणि ती अशी बांधायची की शेतकऱ्यालाही जमणार नाही. गाठ घट्ट, पण एक टोक ओढलं की सुटणारी.

माल पसंत नसला तर मोठ्याने म्हणायचे, “रिजेक्ट!” रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जायचं. पसंत असला तर काहीच म्हणायचे नाहीत. एकदा मी चिडून विचारलं, “साहेब, तुमच्या कारखान्यात ‘पास’चा शिक्का नव्हता का?”

“होता. पण चांगला माल अपेक्षितच असतो, बाई. अपेक्षित गोष्टीचं कौतुक कशाला करायचं?”

मी दिंडोरीकडची. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा पाथर्डी फाट्यावर रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसायचे. अतिक्रमणाची गाडी आली की पाटी डोक्यावर घेऊन पळायचे, गाडी गेली की परत तिथेच. पंचवटीच्या मार्केटात पालेभाजीचा लिलाव चालतो, शेकड्याच्या भावाने जुड्या जातात, त्या गर्दीत पुरुषांच्या वरचा आवाज लावायला मी शिकले. माझ्याशी घासाघीस करायला गिऱ्हाईक एकदा येतं, दुसऱ्यांदा सांगितलेला भाव देतं. पण साहेबांपुढे माझं कधी चाललं नाही. ते भाव उतरवायला सांगायचेच नाहीत. टेबलावर पिवळ्या पानांची रांग लावायचे आणि गप्प उभे राहायचे. बाकीची गिऱ्हाइकं त्या रांगेकडे बघायची. भाव मीच उतरवायचे, आणि दिवसभर स्वतःला शिव्या द्यायचे.

त्यांची ही तपासणी भाजीपुरती नव्हती. मुलीसाठी स्थळ बघायला गेले, तिथे पोह्यांची बशी हातात घेऊन मुलाच्या आईला म्हणाले, “शेंगदाण्यांचं वाटप समान नाही. माझ्याकडे अकरा, हिच्याकडे चारच.” काकू सांगायच्या, “मला वाटलं जमीन दुभंगावी. पण तो मुलगा उठला, स्वतःच्या बशीतले दाणे त्याने माझ्या बशीत टाकले. तोच आमचा जावई.” गणपतीत मोदकांच्या पाकळ्या मोजून तीन मोदक साहेबांनी बाजूला काढले होते. काकूंनी तेच तीन त्यांच्या पानात वाढले. “रिजेक्ट माल कंपनीतच वापरायचा असतो ना?” साहेबांनी मोदक खाल्ले आणि चौथा मागितला.

अशा माणसाच्या हातात तो डबा पडला.

साहेबांचा मुलगा परदेशी. त्याने वडिलांच्या तब्येतीच्या काळजीने एक मोठा हिरवा डबा पाठवला. वर पानांची चित्रं, आत पावडर. एक चमचा पाण्यात ढवळून घ्यायचा, म्हणजे दिवसभराच्या भाज्या पोटात गेल्या, असं त्यावर लिहिलेलं असल्याचं साहेबांनी मला सांगितलं. ते डबा घेऊन खाली आले आणि भिंगाने एकेक नाव वाचू लागले.

“पालक. गव्हाचा तृणांकुर. शेवग्याची पानं. कोथिंबीर. बाई, हे सगळं तुमच्याकडे आहे.”

“मग परत पाठवा डबा.”

“आलेला माल न वापरता परत पाठवता येत नाही.”

मी झाकण उघडून वास घेतला. आमच्या गावी कडबाकुट्टीच्या मशीनशेजारी उभं राहिलं की नाकात जातो, तोच वास. “साहेब, वाळलेला कडबा दळलाय हा,” मी म्हटलं, “म्हशीला घाला, धार वाढेल.” ह्या डब्याच्या किमतीत माझ्याकडची किती भाजी येईल, हे मी मनात मांडून पाहिलं आणि मला रागच आला. माझ्याकडे एका पिवळ्या पानासाठी रांग लावणारा माणूस, आणि पान डोळ्यांना दिसतही नाही अशी भुकटी मुकाट्याने घेतो!

साहेबांनी त्यातून स्वतःचा निर्णय काढला. डबा चालू ठेवायचा, आणि पावडरीत न जाणो काही कमी असेल, म्हणून ताज्या पानांचा रसही चालू करायचा. “डबल सेफ्टी,” ते म्हणाले. रोज चार जुड्या पालक. निवडून, तीन पाण्यांनी धुऊन, कच्चाच मिक्सरमध्ये. सोबत भरपूर आवळा. सकाळी मोठा ग्लास, संध्याकाळी मोठा ग्लास.

मी पालक देत होते. कमी घ्या म्हणणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. तरी एकदा म्हटलं, “एवढा पालक कच्चा कशाला पिता? काकूंच्या हातची ताकातली भाजी काय वाईट आहे?”

“शिजवलं की गुण उडतो. हे थेट आहे.”

एक ग्लास त्यांनी माझ्यासाठीही आणला. ओल्या गवतावर आवळा पिळल्यासारखी चव. त्यांची पाठ वळल्यावर तो मी गटारीत ओतला. पोस्टमनला पाजला, इस्त्रीवाल्याला पाजला. इस्त्रीवाला त्यानंतर साहेबांचे कपडे न मागता आधी द्यायला लागला, म्हणजे ते लवकर निघून जातील. जॉगिंग ट्रॅकवर तर म्हणे साहेब लांबून दिसले की माणसं उलट्या दिशेने चालायला लागायची.

हळूहळू ग्लासाने नाश्ता गिळला. मग रात्रीचं जेवण गेलं. काकू वरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या, त्यात मी मिरच्या-लिंबं टाकायचे अशी आमची पद्धत होती. एक दिवस पिशवीबरोबर काकूंचा आवाजही खाली आला. “अगं, मिरच्या नको आता. फोडणी द्यायची कोणासाठी? घरात म्हैस पाळल्यासारखं झालंय. हिरवं घालते सकाळ-संध्याकाळ. फक्त ही दूध देत नाही.”

“गुडघे बघ माझे!” साहेब आतून ओरडले. “जिना कसा चढतो बघ!”

खरंच, सुरुवातीला चढायचे. मग एका सकाळी ते चपला घालून खाली आले.

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. “बूट कुठे?”

“घट्ट होतायत. कातडं आक्रसलं असेल.”

कातडं नव्हतं आक्रसलं. पाय सुजले होते. त्या दिवशी त्यांनी जुडी सोडली, पण परत बांधली नाही, तशीच उचलून नेली. पुढच्या काही दिवसांत चेहराही सुजला. काकूंनी डॉक्टरकडे चला म्हटलं की ते म्हणायचे, शरीरातली घाण बाहेर पडतेय, तेवढं होणारच.

ज्या सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा माझ्या दुकानापुढे भरगच्च गिऱ्हाईक होतं. रात्रभर उलट्या झाल्या होत्या, लघवी जवळपास बंद. शेजारच्या दोघांनी धरून जिन्यावरून उतरवलं. रिक्षात बसवताना साहेबांची नजर माझ्या टेबलावरच्या पालकाच्या ढिगावर गेली. कुठून ताकद आली कोण जाणे, हात वर करून ओरडले, “हिचा माल! फवारणी! सगळा लॉट रिजेक्ट!”

रिक्षा गेली. दुकानापुढची माणसं माझ्याकडे बघत राहिली. एका बाईने पिशवीतली कोथिंबीर काढून परत टेबलावर ठेवली.

हा माझा राग आहे, आणि तो मी आजही सोडलेला नाही. पाटी डोक्यावर घेऊन पळत पळत मी ते टेबल उभं केलं होतं. त्या एका आरोळीने ते रिकामं झालं. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, “पालक कुठून घेता?” त्याखाली कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं. ज्यांना मी वर्षानुवर्षं वरची कोथिंबीर फुकट दिली, त्या बायका पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊ लागल्या आणि माझ्या दारावरून जाताना मोबाइलमध्ये बघू लागल्या.

पण मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणाने. पालक माझ्या भावाच्या शेतातला होता. त्याच्या वाफ्याला लागून दुसऱ्याची द्राक्षबाग, आणि बागेला औषधं मारावीच लागतात. मी भावाला फोन केला.

“खरं सांग. शेजारच्या बागेत फवारा मारला का?”

“मारला ना. बाग म्हणल्यावर मारणारच.”

“वारं होतं?”

“लय नव्हतं, आक्का.”

“लय नव्हतं म्हणजे होतं ना?”

तो म्हणाला, “आमची पोरं तोच पालक खात्यात. त्यांना काय झालं नाय. पण आता तू इचारती तर छातीवर हात ठिवून नाय कसं म्हणू?”

भाऊ खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. मी फोन ठेवला. रिकाम्या दुकानात बसून एकच विचार करत राहिले. साहेबांचं काही बरंवाईट झालं आणि ते माझ्या भाजीने झालेलं निघालं, तर? दुकान गेलं तर फाट्यावर परत पाटी लावता येईल. पण माझ्या हातून माणूस गेला, हे डोक्यावरून कसं उतरवायचं?

दोन दिवस वाट पाहिली. मग मी पालकाची एक जुडी पिशवीत घातली आणि द्वारका चौकाकडच्या त्या दवाखान्यात गेले. रागातच गेले. जे असेल ते तोंडावर कळू दे.

काकू खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. साहेब खाटेवर, हाताला नळी, चेहरा फुगलेला. तेवढ्यात दवाखान्यातल्या मावशी जेवणाचं ताट घेऊन आल्या. त्यात पाण्यासारखी डाळ होती, आणि भात असा चिकटलेला की वाटीचा आकार तसाच राहिला होता. मी वाट पाहिली. आता ‘रिजेक्ट’ म्हणतील. साहेबांनी ताटाकडे बघितलं, चमचा उचलला आणि मुकाट्याने खायला लागले.

मला तेव्हा खरी भीती वाटली. काकूही माझ्याकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “आल्यापासून असंच आहे गं. काहीच नाकारत नाहीत.”

मी भांडायला आले होते ते विसरले.

डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. तरुण होत्या, हातात कागद. म्हणाल्या, “आजोबा, तुमच्या किडनीचा छोटा तुकडा आपण तपासायला पाठवला होता ना, त्यात बारीक स्फटिक सापडलेत. ते कशामुळे झाले ते शोधायचंय. काही औषधं घेता? काढे? भस्म?”

“छे,” साहेब म्हणाले. “मी फक्त नैसर्गिक घेतो.”

“नैसर्गिक म्हणजे काय?”

झालं. तो प्रश्न ऐकताच साहेब उशीवर थोडे वर सरकले. आवाज बारीक होता, पण सूर जुनाच. “चार जुड्या पालक. तपासून घेतलेला. तीन पाण्यांनी धुतलेला. कच्चा. त्यात आवळ्याचा रस. परदेशी पावडर वेगळी. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक. जेवण जवळजवळ बंद. एकदाही खंड नाही.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. “रोज?”

“रोज.”

“भरती करताना तुम्ही ‘आहारात पालेभाज्या’ एवढंच सांगितलं होतं.”

“पालेभाज्याच आहेत.”

मग त्यांनी समजावलं. कच्च्या पालकात ऑक्झलेट नावाचा एक पदार्थ भरपूर असतो. भाजी करून पानात वाढतो तेवढी कुणालाही चालते, शरीर ते बाहेर टाकतं. पण कच्च्या रसाचे एवढे ग्लास, वर आवळा, त्यातल्या व्हिटॅमिन सीचंही शरीरात ऑक्झलेटच होतं, आणि पोटात दुसरं अन्न नाही. ते सगळं किडनीत जाऊन साचलं. “तुमच्याकडे पालक ताकात करतात ना?” त्यांनी काकूंना विचारलं. “उकळून पाणी काढलं की त्यातलं बरंच निघून जातं. ताकातल्या कॅल्शियमला उरलेलं पोटातच चिकटतं. जुन्या बायका करत होत्या ते ठीकच होतं.”

“आणि तो डबा?” काकूंनी विचारलं.

“ज्याच्या ताटात भाजी आहे त्याला डबा कशाला हवा? आणि एवढ्या सगळ्यावर तर नकोच.”

मी पिशवीतली जुडी काढून पुढे केली. “बाई, फवारणीचं औषध? विषबाधा? मला स्पष्ट सांगा. हा पालक मी विकलाय.”

त्यांनी जुडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “नाही हो. तसं काही तपासण्यांत आलेलं नाही. आणि फवाऱ्याने असे स्फटिक होत नाहीत. तुमच्या पालकाचा दोष नाही.”

मी तिथेच, साहेबांच्या पायाशी खाटेवर बसले.

काकूंनी नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हटलं, “आयुष्यभर येणारा माल तपासलात. मशीनला किती झेपेल ते कुणी बघायचं?”

साहेबांनी डोळे मिटले.

पुढे काही वेळा डायलिसिस झालं, आणि किडनी हळूहळू पुन्हा चालायला लागली. पूर्वीसारखी शंभर टक्के नाही, पण मशीनवर राहायची वेळ आली नाही. ही बातमी मला काकूंनी पिशवीतून दिली. कित्येक दिवसांनी दोरी खाली आली. पिशवीत तो हिरवा डबा होता, आणि वरून आवाज, “एवढा तुझ्या कचऱ्यात टाक गं. आणि मिरच्या दे. फोडणी द्यायचीय!”

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते काकूंनीच कॉलनीत सांगितलं. गिऱ्हाईक परत येऊ लागलं. कोथिंबीर परत ठेवणारी बाईही आली. तिला मी पूर्ण भाव लावला.

मग एका सकाळी साहेब स्वतः उतरले. काठी हातात, शर्ट अंगावर लोंबत होता, पण पायात बूट होते. गर्दीची वेळ होती.

“मेथी द्या. पालक मला बंद आहे. मेथी थोडी चालेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. शिजवून.”

“नाही देणार.”

“का?” साहेब म्हणाले.

“रिक्षात बसताना जे बोललात, ते ह्यांच्यासमोर बोललात. ह्यांच्यासमोरच परत घ्या.”

“मी शुद्धीत नव्हतो.”

“रिजेक्ट म्हणण्याइतके होतात.”

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “निष्कर्ष घाईने निघाला, असं नोंदवतो.”

“साध्या शब्दांत.”

“तपासणीत चूक झाली.”

“कुणाची?”

“विभागाची.”

“विभागात कोण कोण होतं?”

“एकटेच होते!” काकू गॅलरीतून ओरडल्या. सगळे हसले. इस्त्रीवाला पलीकडून हसला.

साहेब हसले नाहीत. टेबलाकडे बघत म्हणाले, “चूक माझी. माल चांगला होता.”

मला अजून एक शब्द हवा होता. ‘माफ करा’ हवं होतं. ताणलं असतं तर कदाचित मिळालंही असतं. पण त्यांनी काठीवर सगळा भार टाकला होता, आणि कुठे थांबायचं हे सौदा करणाऱ्याला कळावं लागतं. मी मेथीची जुडी पुढे केली.

त्यांनी ती देठाकडून धरली, झटकली, नाकाशी नेली. सुतळी सोडली, पानं पाहिली. मग परत बांधायला लागले तर गाठ बसेना. बोटांत जोर नव्हता. दोनदा प्रयत्न केला, सुतळी निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती जुडी माझ्यासमोर धरली.

मी बांधली. त्यांच्यासारखीच, एक टोक मोकळं ठेवून. एवढी वर्षं समोर उभी राहून बघत होते, शिकले होते. त्यांनी ते टोक ओढून पाहिलं. गाठ सुटली. परत माझ्याकडे दिली, मी परत बांधली.

“पास,” ते म्हणाले आणि वळले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून मोठ्याने म्हणाले, “देठ लांब ठेवलेत! वजन देठांचं विकता काय?”

“परवडत नसेल तर घेऊ नका!” मी ओरडले. असं ओरडून मला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता ते दोघं पुण्याला मुलीकडे असतात. जिना झेपेना, म्हणून गेले. गॅरेज अजून माझ्याकडे आहे. काकूंचा अधूनमधून फोन येतो. त्या तब्येतीचं सांगायला लागतात, पण मला ते ऐकायची गरज नसते. मी मागचा आवाज ऐकते. कुणाची तरी मेथी टेबलावर पसरलेली असते आणि साहेब ओरडत असतात, “ही काय पुण्याची जुडी? गाठ आहे का काय आहे? रिजेक्ट!”

‘माफ करा’ ते अजून म्हणालेले नाहीत. मी विसरलेले नाही. पण तो आवाज ऐकला की मी फोन ठेवते आणि गिऱ्हाइकाकडे वळते. साहेब ठीक आहेत.